कोर्टात ‘काहून’ चालत नाही

फोटो चांगला छापला होता, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर लोक म्हणतील, म्हातारी फोटोवरून चिडली. पदर नीट होता, चष्म्यावर उजेड आला नव्हता, आणि सुनेनं मुद्दाम लावलेला नवा पडदाही पाठीमागे दिसत होता. बिघाड फोटोच्या खाली होता. खाली जी बाई बोलत होती, ती मी नव्हते.

“विधी शिक्षणाविषयी माझ्या मनात प्रथमपासूनच नितांत ओढ होती,” असं ती बाई म्हणत होती.

मी सुनेला हाक मारली. “अवो, हे वाच. मी जन्मात कधी ‘नितांत’ म्हनली का?”

सून कणीक मळत होती. तिनं लांबूनच मान वाकडी करून वाचलं. “नाही जी आई. तुम्ही म्हनल्या होत्या, घरात सासू बोलू देत नव्हती, तर बाहेर कुठं बोलाले भेटते का पाहाव, म्हनून वकिलीले गेली.”

“मंग ते कुठं हाय यात?”

“तेच ‘नितांत’ झालं असन,” सून म्हणाली आणि पुन्हा कणकेला लागली.

तिथवर मी हसले. राग पुढच्या पानावर आला, आणि तो अजून गेलेला नाही. म्हणून लिहायला बसले.

जिल्ह्याच्या गावी आमचं लॉ कॉलेज. नाव लिहीत नाही, कुणाचंच लिहिणार नाही. त्या कॉलेजाच्या लक्षात आलं की आपला इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही आणि जुने विद्यार्थी एकेक करून चालले आहेत. तेव्हा जे उरलेत त्यांना कॅमेऱ्यासमोर बोलतं करायचं, ते रेकॉर्डिंग जपून ठेवायचं आणि त्यावरून एक पुस्तक काढायचं, असं ठरलं. काम चांगलंच. कॉलेजातल्या एक तरुण मॅडम कॅमेरा घेऊन पवनीला माझ्या घरी आल्या, तेव्हा मी त्यांना चहासोबत अनारसेही दिले. आता ते अनारसे आठवले तरी डोकं गरम होतं.

माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, मग लग्न. पुढचं सगळं चुलीजवळ बसून केलं, मॅट्रिक बाहेरून, बी.ए. बाहेरून. लॉ मात्र घरी बसून होत नाही म्हणून पहाटेच्या एसटीनं जाऊन केलं, तेव्हा माझा मुलगा चौथीत होता. पुढं तालुक्याच्या कोर्टात काळा कोट घालून गुडघे साथ देत होते तोवर उभी राहिले. त्यामुळे लिहिताना माझ्या हातून ‘मला’ उतरतं, ‘मी गेले’ उतरतं. पुस्तकांनी हाताला लावलेली ती सवय आहे. तोंडाला ती कधी लागली नाही. तोंडानं मी ‘मले’ म्हणते, ‘मी गेली’ म्हणते, आणि ‘का’ असं विचारण्याऐवजी ‘काहून’ विचारते. इकडे सगळेच विचारतात.

मॅडमनीच सांगितलं होतं, “आजी, घरी बोलता अगदी तसं बोला.” शेजारी धानाची गिरणी आहे. ती सुरू झाली की मॅडम हात वर करायच्या, थांबली की खाली. त्या हाताच्या इशाऱ्यावर मी माझं कॉलेज सांगितलं. आणि त्यात मुख्य करून सिहोरावालीचं सांगितलं, कारण तिला विचारायला कुणी गेलंच नव्हतं. कॉलेजानं यादी केली ती वकील झालेल्यांची, न्यायाधीश झालेल्यांची आणि पुढारी झालेल्यांची. ती यांतलं काहीच झाली नाही.

आमच्या वर्गात आम्ही बाया मोजक्या. नावानं एकमेकींना कुणी हाक मारायची नाही, गावानं मारायची. मी पवनीवाली. ती सिहोरावाली. तिच्या घरची आणि आमच्या घरची वस्ती वेगळी, तिचे वडील दीक्षा घेतलेले, माझे सासरे कापडवाले. पण पहाटेच्या थंडीत कॉलेजच्या पायरीवर दोघींत एक शाल असायची. पुराव्याचा कायदा तिला असा पाठ की मुलं परीक्षेच्या आधी तिच्याभोवती कोंडाळं करून बसायची.

एकदा वर्गात खोटं कोर्ट भरलं. मूट कोर्ट म्हणतात त्याला. भांडण धुऱ्याचं, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाचं. सर न्यायाधीश झाले. सिहोरावाली वादीची वकील. आणि तिनं तिच्याच साक्षीदाराची तपासणी सुरू केली. वर्गातलाच एक जण साक्षीदार होऊन उभा होता. तिनं विचारलं, “तुमी त्या दिवशी धुऱ्यावर काहून गेले होते?”

सरांनी टेबलावर डस्टर आपटलं. “बाई, कोर्टात ‘काहून’ चालत नाही. हे कोर्ट आहे, धान रोवण्याची बांधी नाही.”

सर हसले, वर्गही हसला. ती गोंधळली. तिला खरंच कळलं नाही, म्हणून तिनं सरांना विचारलं, “काहून, सर?”

मग तर बाकं वाजली. मी हसले नाही. ही बढाई म्हणून सांगत नाही; मला विनोदच समजला नाही. मीही तसंच बोलत होते ना! त्या दिवसापासून मुलं तिला ‘काहूनबाई’ म्हणायला लागली, शेवटच्या वर्षापर्यंत. वर्गात तिचा आवाज पुन्हा ऐकू आला नाही. पास झाली, सनद घेतली, आणि वकिली सोडून पंचायत समितीत नोकरीला लागली.

एवढं मी सांगितलं होतं. आता छापून काय आलं ते वाचा. वर मोठ्या अक्षरात मथळा होता, “‘उलटतपासणीत का विचारू नका’: सरांची अविस्मरणीय शिकवण.” आणि खाली: “माझ्या एका सहाध्यायिनीने अभिरूप न्यायालयात उलटतपासणी घेताना साक्षीदाराला ‘का’ असा प्रश्न विचारला. तेव्हा सरांनी तिला तत्काळ थांबवून सांगितले, की न्यायालयात ‘का’ चालत नाही. तो धडा आम्ही जन्मभर विसरलो नाही. त्या सहाध्यायिनी पुढे काही कारणाने वकिली करू शकल्या नाहीत.”

जे वकील नाहीत त्यांना सांगते, राग कशाचा ते. समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न विचारतात ती उलटतपासणी. तिथं ‘का’ विचारू नये, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात. कारण ‘का’ म्हटलं की साक्षीदाराला मोकळं रान मिळतं आणि तो तुमचीच केस बुडवतो. पण आपल्याच साक्षीदाराला विचारतात ती सरतपासणी. तिथं ‘का’ विचारायचंच असतं, त्याच्या तोंडून सगळं यावं म्हणूनच त्याला उभं केलेलं असतं. सिहोरावालीची होती सरतपासणी. प्रश्न बरोबर होता. शब्द त्यांना गावंढळ वाटला.

म्हणजे बघा. ‘काहून’चा ‘का’ केला, आणि टिंगल करणारे सर थोर गुरू झाले. जिला पुरावा कायदा पाठ होता ती बाई, कायदा न समजणारी झाली. आणि हे सगळं माझ्या तोंडून, माझ्या फोटोखाली! वर चिठ्ठी लावलेली, “मजकूर तपासून सही करून पाठवावा. सही नसल्यास मुलाखत घेता येणार नाही.”

मी मॅडमना फोन लावला.

“मॅडम, माहा ‘काहून’ कुठं गेला?”

“आजी, आम्ही फक्त प्रमाण भाषेत आणलं. अर्थ तोच आहे ना?”

“अर्थ तोच हाय. पन सर अर्थावर नव्हते हासले. शब्दावर हासले होते.”

“पुस्तक बाहेरचेही लोक वाचतील, आजी. त्यांना समजायला हवं.”

“आता काय समजलं त्यायले? ‘का’ इचारलं म्हनून पोरं तिले ‘काबाई’ म्हनत होती, असं?”

“ते आम्ही गाळलं. अर्थ लागत नव्हता.”

“लागन कसा! आनि ‘उलटतपासणी’ कोनं घातलं? मी त म्हनली होती, तिचाच साक्षीदार.”

“पुस्तकाच्या समितीत एक ज्येष्ठ वकील आहेत. ते म्हणाले, आजींकडून सांगायचं राहून गेलं असेल.”

राहून गेलं असेल! आयुष्यभर साक्षीदार तपासले मी. माझी साक्ष मात्र मला न विचारता दुरुस्त झाली, आणि दुरुस्त करणारेही वकीलच. मी म्हटलं, सही करणार नाही. मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या, “मग त्या मैत्रिणीचं काहीच येणार नाही, आजी. आता निदान उल्लेख तरी आहे.”

तिथं मी अडकले. सही केली तर ती पुस्तकात अडाणी म्हणून जाते. नाही केली तर जातच नाही. आणि हे ठरवणारी मी कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी कागद पिशवीत घातला, गुडघ्यांना तेल लावलं आणि निघाले. पवनीहून भंडारा, तिथून तुमसर, तिथून सिहोरा. तुमसरच्या पुढं दोन्ही अंगांना कापलेल्या धानाच्या कडपा पडल्या होत्या आणि मी खिडकीत बसून समितीला मनातल्या मनात शिव्या देत होते.

सिहोरावाली ओसरीवर बसून शिंगाडे सोलत होती. मला पाहून उठली नाही.

“आली का वो पवनीवाली? मी मेली का जित्ती हावो, ते पाहाले आली?”

“जित्ती असशीन त चहा पाज.”

“आधी शिंगाडा खा. चहा सून करते.” मग सुनेला ओरडून, “दोन कप जास्त टाक वो, वकीलीनबाई आली. एका कपात तिचं भागत नाई!”

मी कागद दिला. ती चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून वाचत गेली. ‘नितांत’ला फसकन हसली. “अवो, तू त सासूच्या भेवानं पळून येत होती ना?” मग दुसरं पान आलं. हसू गेलं. बोट एका जागी थांबलं.

“म्हंजे मले सरतपासनी आनि उलटतपासनीतला फरक समजत नव्हता?”

“मी असं म्हनली नाही. त्यायनं घातलं.”

“पुराव्याच्या पेपरात मी पयली होती वो! माहे नातवंडं हे वाचतीन त काय म्हनतीन? आजी नापास होऊन नोकरीले लागली?” तिनं कागद खाली ठेवला, वर शिंगाड्याची पाटी ठेवली. “आनि हे ‘काही कारणाने’ काय हाय?”

मी म्हटलं, मी तर स्वच्छ सांगितलं होतं, की सर हसले, तू खचली, म्हणून वकिली सोडली.

तर ती माझ्यावरच उखडली. “खचली कोन? पोरं हसली म्हनून खचाले मी का मातीची भित हावो? तूही त मले बिचारीच करून टाकली! तुले कोनं सांगतलं मी खचली म्हनून?”

“मंग वकिली काहून सोडली?”

“हे इतक्या वर्षात इचारलं का कधी? तू वकील ना, तुले वाटलं तुले सगळं समजलं.”

मग तिनं सांगितलं. हातातलं सोलणं थांबवलं नाही, पण हळूहळू सांगितलं.

“हासनं मी आठ दिवसात इसरली. पन सवय लागली. बोलाच्या आधी वाक्य तपासाची. ‘मला’ का ‘मले’? ‘का’ का ‘काहून’? मनात सगळं धुवून, वाळवून, घडी करून मंग बाहेर काढाचं. सनद भेटल्यावर कोर्टात उभी राहिली. साहेबानं इचारलं, बाई, काही म्हणायचं आहे? माह्या तोंडात वाक्य होतं. धुनं चालू होतं त्याचं. तेवढ्यात साहेब दुसऱ्या केसवर गेला. पुढची तारीख पडली. बाहेर आल्यावर पक्षकार मले म्हने, बाई, तुमी त बोल्ल्याच नाई. दोनदा, चारदा असंच झालं. त्या मानसाची जमीन होती वो त्यात. मंग मी म्हनली, दुसऱ्याच्या जमिनीवर आपलं धुनं नाई वाळवाचं. लाज नव्हती बाई. उशीर होता.”

सरांवरचा राग इतकी वर्षं मी बाळगला होता, पण तो चुकीच्या जागी बांधून ठेवला होता. हसणं हा गुन्हा लहान निघाला. त्यांनी तिच्या जिभेवर पहारेकरी बसवला, आणि तो पहारेकरी सर गेल्यावरही गेला नाही. आणि कॉलेज आता तेच काम मशीन लावून करत होतं, आमच्या सगळ्यांच्या जिभांवर, वर त्याला इतिहास जपणं म्हणत होतं!

“फोन लाव त्या मॅडमले,” ती म्हणाली. “मोठ्या आवाजाचा कर.”

मी लावला. सिहोरावालीनं स्वतःची ओळख दिली ती अशी: “मी ते ‘काही कारणाने’वाली बाई बोलून राहिली.”

मॅडम आधी खूप गोड बोलल्या. भाषेचा दर्जा, पुस्तकाची एकसंधता, समितीचं धोरण. सिहोरावाली एकेक गोष्ट ऐकायची आणि फक्त विचारायची, “काहून?” दर्जा घसरतो. काहून? बाहेरच्यांना कळत नाही. काहून? मी तोंडाला पदर लावून बसले. ही उलटतपासणीच होती, आणि नियम मोडून चालली होती, आणि साक्षीदार बुडत होता. शेवटी पलीकडून एकदम आवाज फुटला.

“आता मी काय करू जी! मले वरूनच तसं सांगतलं! मी एकटी कोना-कोनाशी भांडू?”

सिहोरावालीच्या सुनेनं चहाचा ट्रे हातातच धरला.

“तू कुठची वो बाई?” सिहोरावालीनं विचारलं.

“...एकोडीची.” म्हणजे आमच्याच मुलखातली.

“मंग इतक्या वेळ कोन बोलून राहिली होती?”

“ते कॉलेजातलं तोंड हाय जी,” मॅडम म्हणाल्या. बारीक आवाजात.

मला वाटलं होतं, फोनमधून हात घालून त्या पोरीचा कान पिळावा. तो विचार तिथंच सोडला. तिच्याही वाक्यांचं धुणं चालू होतं. राग मात्र दुप्पट झाला. पोटची भाषा लपवून नोकरी करणाऱ्या पोरीला आमची भाषा धुवायला बसवलं होतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मॅडम स्वतःच्या खर्चानं सिहोऱ्याला आल्या. कॉलेजचा कॅमेरा आणला. मीही गेले होते, पण मला बजावून एका कोपऱ्यात बसवलं: “तू मधात बोलू नको. तुही मुलाखत झाली.” सिहोरावाली बोलली. कोंबड्या बोलल्या. कुणी हात वर केला नाही, कुणाला थांबवलं नाही. मूट कोर्ट तिनं सांगितलं, सरतपासणीचं कलम नंबरासकट सांगितलं, आणि उशीर सांगितला. मधेच वाक्य शोधायला थांबली की मॅडम नुसत्या बघत बसायच्या. कॅमेरा चालूच.

समितीनं काय केलं? माझी मुलाखत काढून टाकली, कारण मी सही दिली नाही. जाऊ द्या. सिहोरावालीची घेतली, पण सगळ्यात मागं, वेगळ्या मथळ्याखाली: ‘बोलीभाषेतील आठवणी’. जसं बाकीच्या साहेबांनी आठवणी कोणत्याही बोलीशिवाय सांगितल्या! मी मॅडमवर पुन्हा तोफ डागली. त्या म्हणाल्या, “आजी, इथवर आनाले मी काय-काय ऐकलं ते मले माहीत. तुम्ही आधी वाचून त पाहा.” मी नमले नाही, पण वाचायला घेतलं.

छापायला जाण्याआधीची पानं फोनवर आली होती, सोबत रेकॉर्डिंगही. सिहोरावालीला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी माझ्या फोनवरून वाचायचं आणि माझ्या सुनेच्या फोनवरून तिला ऐकवायचं, असं ठरलं. वाचत गेले. ‘काहून’ होता. ‘धुरा’ होता. ‘मले’, ‘माहं’, ‘जित्ती’, सगळं जिथल्या तिथं. मनात म्हटलं, पोरीनं काम नीट केलं. “‘मंग मले नोकरी लागली’,” मी वाचलं.

“थांब,” तिकडून आवाज आला. “मी ‘मला’ म्हनली होती.”

“नाही वो. तू कायले ‘मला’ म्हनशीन?”

“म्हनली होती. ऐक ते रेकॉर्डिंग.”

मी फोन ठेवला, रेकॉर्डिंग लावलं, ती जागा शोधली. कोंबडी ओरडली, आणि मग स्वच्छ आवाज: “मंग मला नोकरी लागली.” बाकी सगळीकडे ‘मले’, तेवढ्या एका ठिकाणी ‘मला’. मॅडमनी चांगल्या मनानं दुरुस्त केलं होतं. या वेळी दुसऱ्या बाजूनं.

मी तिला पुन्हा फोन लावला. “हो, म्हनली हाय.”

“हापिसात बोलून बोलून लागलं जिभेले,” ती म्हणाली. “उसनं नाई ते. माहंच हाय. जसं निघालं तसं ठेवा म्हना.”

मी मॅडमना फोन केला. त्या कळवळून म्हणाल्या, “आजी, एका मात्रेसाठी? उद्या छापाले चाललं जी!”

“हो, एका मात्रेसाठीच,” मी म्हटलं. “मात्रा काढ, काना लाव. आनि छापखान्याले थांबाले सांग. तिचे दोन पानं वाचून व्हाचे हायेत अजून.”